मशीन बंद असताना दिलेला शब्द

“तुला पटायचं नाही, अर्पिता. कुणालाच पटत नाही. ऐकलं की लोक माझ्या तोंडाकडं बघत बसतात, म्हातारीला ऊन लागलं का म्हणून. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एका लेकराला शब्द दिला. एकदाच. आणि चार तासांत पाळून दाखवला.”

“चोवीस,” कावेरी म्हणाली.

“काय चोवीस?”

“नोकरी. चोवीस वर्षं. मधली दोन तू कंबर धरून घरी पडली होतीस.”

कावेरी खिल्लारे पोलिसातली. हवालदार होऊन रिटायर झाली. त्याआधी अकरा वर्षं माझ्या खोलीत, माझ्या डाव्या हाताला, आवाज टिपणाऱ्या मशीनपाशी बसून तिनं लेकरांचे जबाब लिहून घेतले. आता आमची घरं एका गल्लीत आहेत. दुपारी चारला ती ओसरीवर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसते आणि मी तिच्या शेजारी बसून थापा मारते. माझ्या थापांवर तिचं लक्ष असतं. आकडा चुकला की टोकते. बाकीचं सोडून देते.

त्या दिवशी अर्पिता पतंगे आली होती. माझ्या जागेवर नवीन लागलेली, सव्वीस-सत्तावीसची पोर. चप्पल काढायच्या आधीच तिनं विचारलं, “अक्का, तुम्ही कधी एखाद्या मुलाला शब्द दिलाय का? खरं सांगा.”

तिच्यासमोर सहा वर्षांची एक मुलगी होती. तीन दिवस झाले, एक अक्षर बोलत नव्हती. फक्त एकच विचारायची, मी सांगितलं तर मला आईकडं पाठवाल ना? उद्या शेवटची बैठक. बोलली नाही तर जिथून आली तिथंच परत.

“एक हो म्हटलं की बोलेल ती,” अर्पिता म्हणाली. “मला दिसतंय ते. पण नियम...”

नियम मला पाठ आहे. आमचं काम सांगायला सोपं. ज्या लेकरानं काही सोसलंय किंवा डोळ्यांनी बघितलंय, त्याच्यासमोर बसायचं आणि ते त्याच्याच तोंडून, त्याच्याच शब्दांत बाहेर येऊ द्यायचं. आपला एकही शब्द आत पडू द्यायचा नाही. गोळी-बिस्कीट द्यायचं नाही, धाक घालायचा नाही आणि ‘तू सांग, मग मी अमुक करते’ असं तर मेलं तरी म्हणायचं नाही. म्हटलं की तो जबाब नासला. कोर्टात वकील उभा राहतो आणि विचारतो, बाई, लेकरू खरं बोललं की तुम्ही लालूच दाखवली म्हणून बोललं?

“बस,” मी म्हणाले. “चहा घे. दीपमालाची गोष्ट सांगते.”

अडकित्ता थांबला. “ती कशाला?” कावेरी म्हणाली.

“हिला कामाची आहे.”

कावेरीनं पुढची सुपारी घेतली.

तेरा वर्षांपूर्वीचा चैत्र. आमची खोली कचेरीच्या मागच्या अंगाला, वर पत्रा. पंखा होता, पण त्याचा आवाज मशीनमध्ये येतो म्हणून बंद ठेवायचा. भिंतीवर एक ससा काढलेला होता. एसटीच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून काढून घेतलेला, त्यामुळं तो गाढवासारखा दिसायचा. तो पुसून नवा काढायचं दर वर्षी ठरायचं. मीच पुसू दिला नाही. येणाऱ्या प्रत्येक लेकराला मी पहिल्यांदा विचारायची, ते काय आहे? कुणी म्हणायचं ससा, कुणी गाढव. एकानं सांगितलं, ते फौजदार आहेत.

“ते खरं हाय,” कावेरी अर्पिताला म्हणाली. “फौजदार सायेब भायेर उभे होते. तोंडावरची माशी हलली न्हाई त्यांच्या.”

दीपमाला आठ वर्षांची. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, शाळेचा निळा फ्रॉक, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. मी ससा दाखवला. तिनं भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत भिंतीकडं.

“तुम्ही सांगाल ते,” ती म्हणाली.

तोवर असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

तिचे आधीचे जबाब माझ्या मांडीवर होते. तिची आई हळद शिजवायच्या मोठ्या कढईत, काहिलीत, पडून गेली होती. शिमग्याच्या आठवड्यात शेतावर हळद शिजवायचं काम चालू होतं. बाप दोन वर्षांपूर्वीच गेलेला. शेत काकाच्या आणि आईच्या नावावर. दुपारची वेळ, बाकीचे गडी जेवायला ओढ्याकडं गेलेले. काहिलीपाशी तिघंच, आई, काका आणि ही. काका म्हणाला, पाय घसरला. आणि हिनं चाळीस जणांना चाळीस गोष्टी सांगितल्या होत्या.

“नऊ,” कावेरी म्हणाली.

बरं, नऊ. आधी म्हणाली काकानं ढकललं. मग म्हणाली आई आपोआप पडली. मग म्हणाली काका तिथं नव्हताच. मग म्हणाली मीच नव्हते. जमादारांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, पोरगी खोटारडी आहे.

मीही तेच समजून बसले असते. पण नऊ कागद ओळीनं लावल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक जबाबात विचारणाऱ्यानं तोच प्रश्न दोनदा विचारला होता. “काकानं ढकललं? नक्की?” आणि त्या ‘नक्की’नंतर उत्तर फिरलं होतं. दरवेळी.

“दीपमाला,” मी विचारलं, “शाळेत बाई एकच प्रश्न परत कधी विचारतात?”

“चुकलं की.”

“आणि मग तू काय करतेस?”

“दुसरं उत्तर देते.”

कावेरीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. आम्हा दोघींनाही एकदमच कळलं होतं. त्या लेकरानं एकदा खरं सांगितलं होतं, अगदी पहिल्यांदा, आणि सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून तिला पटवून दिलं होतं की ते उत्तर चूक आहे. मग बिचारी बरोबर उत्तर शोधत बसली होती. नऊ वेळा.

“मग तुम्ही काय केलंत?” अर्पितानं विचारलं. तिचा चहा तसाच होता.

विचारायचं बंद केलं. दुसरं काय करणार? आता प्रश्न विचारला असता तर तो दहावा झाला असता. मी थापा मारायला लागले. माझी आजी कोंबडी पाळायची, ती कोंबडी रोज निळं अंडं घालायची, पोळ्याला पिवळं घालायची. आमच्या गावची बस नदीला पूर आला की पोहून पलीकडं जायची, कंडक्टर पुढं बसून वल्हं मारायचा. आणि प्रत्येक थापेनंतर सांगायची, माय, मी चुकते. म्हातारी आहे. चुकले की मला ‘खोटं’ म्हण. मोठ्यानं म्हण. इथं कुणी रागवत नाही.

ती ऐकत होती. पण खोटं म्हणेना. मोठ्या माणसाला खोटं म्हणायची सवयच नव्हती तिला. पहिला दिवस निळ्या अंड्यात गेला. दुसरा पोहणाऱ्या बसमध्ये. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, ही कावेरीबाई पोलिसात येण्याआधी सर्कशीत वाघ होती.

“खोटं,” दीपमाला म्हणाली. एवढ्या हळू, की मशीनमध्येसुद्धा आलं नाही.

“काय म्हणालीस?”

“खोटं. बाई माणूस वाघ नसतंय.” आणि थोड्या वेळानं, “वाघीण आसंल.”

“त्या शब्दासाठी मी पेढे वाटले,” मी अर्पिताला सांगितलं.

“पेढे न्हाई वाटले,” कावेरी म्हणाली. “लिंबू सरबत केलं व्हतं. साखर संपलेली, गूळ घातला.”

पण तिसरा दिवस शेवटचा होता. लेकरू कुणाकडं द्यायचं ते ठरवणारी समिती पाच वाजता बसणार होती. जबाब झाला नाही तर मुलगी नातेवाइकाच्या ताब्यात, म्हणजे काकाच्या. काका सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकावर बसून होता. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, मांडीवर स्टीलचा डबा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार घालायचा. मला म्हणाला, “ताई, पोरीला धपाटे लई आवडतात. तिच्या काकीनं केलेत. जरा आत देता का?”

मी डबा घेतला नाही. नियम. पण खिडकी उघडी होती आणि धपाट्यांचा वास आत आला होता. तो वास आल्यापासून पोरगी जी गप्प झाली, ती झाली.

एक वाजला. मग दोन. माझं त्या दिवसातलं ते तिसरं लेकरू होतं. सकाळी एका पाच वर्षांच्या मुलाचं ऐकलं होतं, त्याआधी एका तेरा वर्षांच्या मुलीचं. ते काय ते सांगत नाही. ऐकून झाल्यावर मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची आणि परत येऊन निळ्या अंड्याची कोंबडी सांगायची. कंबर तर होतीच. पण कंबरेचं काय, पट्टा बांधला की भागतं. मी जी दमले होते ती दुसरीकडंच कुठंतरी. ते कुठं बांधायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

तीन वाजता मी शेवटचं केलं. थाप नाही, प्रश्न नाही. म्हणाले, “दीपमाला, त्या दिवशीचं मला काहीच माहीत नाही. मी तिथं नव्हते. ही कावेरीबाई नव्हती. फौजदार नव्हते. तू होतीस. तू जे सांगशील ते मी एकदाच ऐकणार. परत विचारणार नाही.”

तिनं बराच वेळ फ्रॉकची शिवण उसवली. मग विचारलं, “मी सांगितलं तर मुंजाला आणाल?”

मुंजाजी तिचा भाऊ. तीन वर्षांचा. काकाच्या घरी, काकीजवळ.

“तो कुठंय?”

“घरी. काकीनं सांगितलंय, तू तिकडं काही बोललीस तर मुंजा तुला दिसायचा न्हाई.”

आता कळलं ना? ती गप्प का होती, तर भावासाठी. आणि सांगितलं नाही तर ती त्याच घरात परत जाणार होती. आईचं जे बघितलं ते पोटात ठेवून, त्या माणसाच्या हातचे धपाटे खात.

नियमात बसणारं उत्तर मला माहीत होतं. ‘बाळा, ते माझ्या हातात नाही. पण मी मोठ्या साहेबांना नक्की सांगेन.’ हे वाक्य मी शंभर लेकरांना सांगितलं असेल. ते ऐकून लेकराच्या चेहऱ्यावर जे होतं तेही शंभर वेळा बघितलं होतं. एकशे एकाव्या वेळी मला ते बघवेना. एवढंच कारण. याला दया म्हणू नकोस, अर्पिता. हुशारी तर नाहीच. मी दमले होते.

“कावेरी,” मी म्हणाले, “मशीन बंद कर.”

कावेरीनं माझ्याकडं बघितलं.

“बंद कर. सेल बदलायचाय.”

तिनं बटण दाबलं. लाल दिवा गेला. मी खुर्ची पुढं ओढली.

“मुंजाला आजच आणते,” मी म्हणाले. “दिवे लागायच्या आत.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

“तुमच्या आईची?”

“माझ्या आईची.”

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. कोंबडीच्या वेळी, बसच्या वेळी बघायची तसंच, नीट, तपासून. आणि खोटं म्हणाली नाही.

कावेरीनं बटण परत दाबलं.

मग ती बोलली. एका दमात बोलली, शाळेत कविता म्हणतात तशी, हात मागं बांधून. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. आई काहिलीवर आडव्या टाकलेल्या फळीवर उभी राहून शिजलेली हळद पाटीत काढत होती. काका कागद घेऊन आला. आंगठा दे म्हणाला. आई म्हणाली, माझ्या लेकराचं शेत आहे, देत नाही. काका हसला. कागद घडी करून खिशात घातला. “मग त्यानं पाय मारला. आईला नाही मारला. फळीला मारला.” इथं ती थांबली. “म्हणून मी म्हटलं, काकानं ढकललं. पण त्यांनी परत विचारलं. मग मला वाटलं, आईला हात न्हाई लावला म्हंजे ढकललं न्हाई.”

आठ वर्षांची पोर. नऊ जणांनी तिला खोटारडी ठरवलं, आणि ती त्यांच्यापेक्षा बारीक बघत होती.

“मग?” अर्पिता म्हणाली. ती आता पायरीच्या अगदी कडेला आली होती.

मग काय, सगळं पटापट झालं. फौजदारांनी जबाब वाचला, टोपी घातली आणि व्हरांड्यात गेले. काका नमस्कार करायला उठला तो तसाच, हात जोडलेल्या अवस्थेत, जीपमध्ये गेला. डबा बाकावर राहिला. मी फौजदारांना म्हणाले, साहेब, दुसरी जीप आत्ताच्या आत्ता गावाला पाठवा, पोरगं तिथं आहे. ते म्हणाले, बाई, डिझेल नाही. मी म्हणाले, मग मी चालत जाते, कंबर घेऊन, आणि वाटेत मेले तर तुमच्या नावानं. त्यांनी गाडी काढली.

सहा वाजून वीस मिनिटांनी जीप फाटकातून आत आली. ड्रायव्हरच्या मांडीवर मुंजा. दोन्ही हात हॉर्नवर, आणि तो सगळ्या रस्त्यानं हॉर्न वाजवत आलेला. अंगात नुसता सदरा, खाली काही नाही, एका पायात चप्पल. दीपमाला पळत गेली नाही. सावकाश गेली, फ्रॉकच्या कडेनं त्याचं नाक पुसलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “बाई, दिवे लागले न्हाईत अजून.” खरंच लागले नव्हते. त्या पोरानं त्या रात्री लेकरांच्या आश्रमात पाच केळी खाल्ली. आता सोळा वर्षांचा आहे. कबड्डी खेळतो, तालुक्याच्या संघात आहे. दर वर्षी दोघं मिळून मला...

मी बोलताना कावेरीकडं बघत होते. पाच केळ्यांना ती काहीच बोलली नव्हती. सहा वाजून वीसला बोलली नव्हती. डिझेललासुद्धा नाही.

अर्पिताच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं पिशवीतून वही काढली. “म्हणजे होऊ शकतं,” ती म्हणाली. “नियम मोडला तरी, आपण जीव तोडून पाठपुरावा केला तर होऊ शकतं. अक्का, मी उद्या तिला सांगते. आईकडं पाठवते म्हणून. मशीन बंद करून सांगते. मग मी समितीच्या मागं लागते, रात्रंदिवस लागते. बरोबर ना?”

मी हो म्हणणार होते. तोंडात आलंच होतं ते. त्या पोरीचा चेहरा असा उजळला होता, की मला तो विझलेला बघवला नसता.

“वही ठेव आत,” कावेरी अर्पिताला म्हणाली. “हे लिहू नकोस.”

“का हो?”

“खोटं हाय.”

मी म्हणाले, “कावेरी, केळी असतील तीनच, तू पण ना...”

“केळी न्हाई, अक्का. पोरगं.” ती माझ्याकडं बघत नव्हती, अर्पिताकडं बघून बोलत होती, सावकाश, जबाब वाचून दाखवतात तसं. “जीप गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. मी होते जीपमध्ये. घराला कुलूप व्हतं. काकाला धरला ही खबर आमच्याआधी पोचली, आन् काकी पोराला घेऊन निघून गेली. सुरत म्हणं कुणी, हैदराबाद म्हणं कुणी. सा महिने हुडकलं. मुंजा आला न्हाई.”

अर्पिता माझ्याकडं बघत राहिली.

“काकाला जन्मठेप झाली,” मी म्हणाले. “ते तरी खरं आहे.”

“व्हय. ते खरं हाय,” कावेरी म्हणाली. “दीपमाला नर्सिंगला हाय आता, लातूरला. दर रविवारी फोन करती. मला करती. पयला प्रश्न त्योच, मावशी, काही कळलं का. मी म्हणते, न्हाई माय. मग ती जेवलीस का विचारती.”

“मला का करत नाही?” मी विचारलं. तेरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

“तू म्हणशील, येईल,” कावेरी म्हणाली.